तळाचा तुकडा

दारातच एका बाईनं नोएमीला मिठी मारली आणि चूक झाली ती तिथंच. मिठी मारणाऱ्या माणसाला मध्येच थांबवून, जरा थांबा, मी कुणाच्या मयताला आलेय ते आधी बघू द्या, असं म्हणता येत नाही. बाईच्या अंगाला ओल्या लोकरीचा आणि चुलीच्या धुराचा वास होता. तिचं रडणं खरं होतं आणि वजनही खरं होतं. त्या मिठीतून नोएमी सुटली तेव्हा ती खोलीच्या मध्यापर्यंत आलेली होती आणि तिची गळती छत्री कुणीतरी काढून घेतली होती. छत्री गेली की माणूस पाहुणा होतो. मग तिनं शवपेटीकडे पाहिलं. पेटीच्या डोक्याशी फुलांच्या चक्रांच्या मधोमध फोटो होता आणि फोटोत तिचा भाऊ एवेलिओ नव्हता. दोन वेण्या घातलेली एक म्हातारी होती, फोटो काढणाऱ्यावर रागावलेली.

खाली प्रवेशदाराशी काळ्या फळ्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन नावं लावली होती, ती नोएमीनं वाचली नव्हती. वाचायची गरजच वाटली नव्हती. वरच्या मजल्यावर एक बोळ, बोळाच्या डाव्या हाताला एक खोली, उजव्या हाताला एक. डावीकडे माणसं दाराबाहेर सांडली होती, उजवीकडचं दार अर्धवट लोटलेलं आणि आत काहीच ऐकू येत नव्हतं. ती डावीकडे वळली. एवेलिओ म्हणजे गर्दी. लहानपणापासून. तो रस्त्यानं चालला की कुत्री मागं लागायची, मोठा झाल्यावर गिटारसारख्या तिप्लेच्या तारा छेडत लग्नाकार्यांत गाऊ लागला तेव्हा माणसं मागं लागली. नोएमी शाळेच्या कचेरीत हजेरीपट सांभाळत आली होती. कोण आलं, कोण नाही आलं, आणि न येण्याचं कारण खरं की बनवलेलं, हे तिला चेहऱ्यावरून कळे. भावाच्या खात्यावर तिनं इतकी माणसं मांडून ठेवली होती, की त्याच्या मयताला बसायला जागा मिळणार नाही हे ती घरून निघतानाच धरून चालली होती. मागं कुठंतरी उभं राहू, गर्दीत कुणी विचारणार नाही, चार वाजता त्याला नेतील, आपण घरी येऊ. सकाळी त्याच्या मुलीचा, लुसेरोचा फोन आला होता. "आत्या, मी लुसेरो. बाबा गेले काल. चारला नेणार आहेत." आवाज एवेलिओचाच, फक्त बारीक. नोएमी म्हणाली होती, "बरं." मुलाला ताप आहे, आज येणार नाही, असं सांगणाऱ्या पालकांना ती जसं म्हणत असे तसंच, त्याच सुरात. मग फोन ठेवून ती बराच वेळ ओट्याशी उभी होती आणि ओट्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

आता उठावं आणि निघावं, हे तिच्या मनात आलं, पण तोवर तिला बसवलं गेलं होतं. शेजारी लोकरीचा रुआना पांघरलेला एक म्हातारा होता. त्याच्या गुडघ्यावर टोपी होती आणि टोपीत पावाचा अर्धा तुकडा.

"एर्सिलिया तुमची कोण?" त्यानं विचारलं.

"ओळखीच्या."

"एर्सिलियाला ओळखीचं कुणी नव्हतं. एक तर नातलग, नाही तर वैरी."

"मग वैरी समजा."

म्हातारा खूश झाला. "मग बसा निवांत. वैऱ्यानं शेवटपर्यंत बसावं. हे नातलग बघा, पाव संपले की पांगतील. मी तोबियास. मी तिचा दीर. म्हणजे दोन्ही."

मग ट्रे आला. थर्मोकोलचे पांढरे कप, प्रत्येकात ढवळायची प्लास्टिकची काडी. नोएमीनं कॉफी असेल म्हणून घेतला, कारण अशा ठिकाणी कॉफीच असते, पातळ आणि करपट. तिनं न बघता घोट घेतला आणि ते चॉकलेट निघालं. आधी जिभेला नुसती ऊब लागली. मग लवंग. मग चिमूटभर मीठ, गोडाच्या पाठीवर बसलेलं. घोट खाली उतरला, संपला असं वाटलं, आणि तेव्हा जिभेच्या अगदी मागं, घशाच्या उंबऱ्यावर, संत्र्याच्या वाळलेल्या सालीचा बारीक कडूपणा आला आणि तिथंच बसून राहिला. नोएमीनं कप खाली घेतला. समोरच्या रांगेतल्या बायका जपमाळ ओढत होत्या, त्यांचे ओठ हलताना दिसत होते, आवाज ऐकू येईना. तिनं काडी कपाच्या तळाशी नेली. तळाशी काहीतरी मऊ, जड अडकलं. चीज. कुणाच्याही घरी चीज बशीत वेगळं देतात, ज्याचं त्यानं कपात घालावं, ज्याचं त्यानं बघावं. ओतायच्या आधी तळाशी टाकून वर चॉकलेट ओतणारी, म्हणजे कुणाला किती मिळालं ते कुणालाच दिसू नये अशी सोय करणारी बाई तिला आयुष्यात एकच माहीत होती.

एग्लांतिनाबाईंचं, म्हणजे आईचं, स्वयंपाकघर जिन्याखाली होतं आणि त्यात आईची पाठ होती. नोएमीच्या आठवणीत त्या स्वयंपाकघराला भिंती नाहीत, पाठच आहे, तपकिरी स्वेटर घातलेली. पाठीच्या वर दोरीवर संत्र्याच्या साली वाळत असायच्या, एकसंध, लांब, सापाच्या कातीसारख्या. त्या एका दमात न तोडता सोलायची पैज एवेलिओ आणि ती लावायचे आणि जिंकायचा तो, कारण तो तुटलेली साल थुंकीनं चिकटवून दाखवायचा. पाठीच्या पलीकडे अॅल्युमिनियमचा उंच मानेचा, लाकडी दांड्याचा चंबू. चॉकलेटच्या वड्या आई मोठ्यानं म्हणत टाकायची, देवाचं नाव घेतल्यासारखी: एक बाबांची, एक नोएमीची, एक एवेलिओची, एक माझी, आणि एक भांड्याची. सगळ्याच घरांत एक भांड्याची असते, पण नोएमीला ती लहानपणी फार खुपे. भांडं काय पितं? मग तीनदा उतू येऊ द्यायचं, तीनदा उतरवायचं आणि मग दोन तळव्यांत लाकडी रवी धरून घुसळायचं, तेव्हा आईची पाठ हलायची आणि स्वेटरच्या आतले खांद्यांचे दोन पंख वर-खाली व्हायचे. कपांत चीज टाकायची वेळ आली की पाठ अधिकच रुंद व्हायची. "कुणाला किती ते मला आणि देवाला माहीत," आई म्हणायची. "दोघांपैकी कुणीही सांगणार नाही."

पण नोएमी मोजायचीच. तळ दिसत नव्हता तर ती चमचे बघायची. बाबा चीज शेवटी खायचे, एका घासात. ते तुंहाच्या रस्त्यावर बस चालवत आणि घरी आल्यावर आधी कपाला दोन्ही हात लावून बसत, पीत नसत, जणू हातांनाच तहान लागलेली. आई उभ्याउभ्या प्यायची, तिचं काही कळत नसे. एवेलिओ मात्र गळ टाकून बसल्यासारखा चमचा बुडवायचा, डोळे मिटायचा आणि चीज वर काढायचा. लांब तार निघायची, कपापासून कपाळापर्यंत. "आला," म्हणायचा. "केवढा आहे बघ, नोएमी. नदीतला आहे हा." पुन्हा बुडवायचा, पुन्हा वर काढायचा. "हा दुसरा. हा पहिल्याचा मामा." नोएमी मनातल्या मनात मांडत जायची: एवेलिओ सहा, नोएमी एक. खूप वर्षांनी, शाळेच्या कचेरीत बसून, बाहेर मैदानात एकच चेंडू सगळी पोरं फेकत असताना, तिला एकदम कळलं होतं की तो एकच तुकडा होता. तोच तो, पुन्हा पुन्हा. कळलं तेव्हा तिनं त्याला फोन करून ठणकावायला हवं होतं, पण तोपर्यंत त्यांचं बोलणं बंद झालेलं होतं, आणि बंद पडलेल्या खात्यात नवी नोंद घेता येत नाही.

"प्या, प्या, गार होतंय," तोबियास म्हणाला. "एर्सिलिया असती तर म्हणाली असती, पाहुण्यांना एवढं दाट कशाला?"

"कुणी केलंय?"

"देवाला ठाऊक. बायकांकडचं खातं."

ती प्यायली. पिताना तिला वाटलं, ही माणसं बोयाकाच्या डोंगरातली दिसतायत, आईही त्याच बाजूची, असतील तिकडे आणखीही पाठमोऱ्या बाया, दोरीवर साली वाळत घालणाऱ्या. शहर एवढं मोठं आहे. सगळ्याच गोष्टी एकदाच घडतात असं थोडंच आहे? हे स्पष्टीकरण चांगलं होतं. पालकांनी दिलं असतं तर तिनं हजेरीपटात चालवून घेतलं असतं. पण कडूपणा घशातून हलेना. त्याला धरून बाबांची संध्याकाळ वर आली, जी ती वर येऊ देत नसे. बाबा त्या दिवशी बसचा कोट न काढता बसले होते. व्हेनेझुएलात तेलाच्या कामावर माणसं घेतायत, दुप्पट देतायत, वर्षभराचा प्रश्न, असं ते कपाकडे बघून बोलत होते. आईनं चंबू उचलला आणि ओट्याच्या कडेवर आपटला. एकदाच. चॉकलेट उडालं नाही, चंबू रिकामा होता, फक्त पोटाला एक खोल पोचा पडला, अंगठा बसेल एवढा. मग सगळं इतकं शांत झालं की दोरीवरच्या साली एकमेकींना घासलेल्या ऐकू आल्या. तेव्हा एवेलिओनं चमचा बुडवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "आला." कुणी हसलं नाही. त्यानं पुन्हा बुडवला. "हा त्याचा मामा." तो काढतच राहिला, तार तुटेपर्यंत, आणि शेवटी आई हसली, तोंडावर हात ठेवून, आणि मग तो हात तिनं काढलाच नाही. बाबा कप तसाच ठेवून उठले. त्या कपात चॉकलेट अर्धं होतं आणि तळाशी चीज होतं, अख्खं, कारण ते शेवटी खायचे. सकाळी नोएमी उठली तेव्हा बाबा गेलेले होते आणि कप धुऊन पालथा घातलेला होता. ते चीज कुणी खाल्लं? ती एवेलिओला विचारत आली, त्या दिवशी, शाळेत जाताना, दहावीत, आईच्या आजारपणात, चेष्टेनं आणि चेष्टेशिवायही. "मी नाही," तो म्हणायचा. बाबा परत आले नाहीत. वड्या टाकताना आईनं त्यांची वडी गाळली नाही, फक्त नाव बदललं. "दोन भांड्याच्या," ती म्हणू लागली. "भांडं जुनं झालंय. जास्त पितं."

आईच्या शेवटच्या वर्षांत सोमवार ते शनिवार औषधं नोएमीनं द्यायची आणि रविवारी एवेलिओनं संत्र्यांची पिशवी घेऊन यायचं, आईला हसवायचं, ते हसू घेऊन निघून जायचं. आई गेल्यावर नऊ दिवसांची प्रार्थना झाली, शेवटच्या संध्याकाळी लोक पांगले आणि चंबू जागेवर नव्हता. एवेलिओनं कोटाखाली घालून नेला होता. रवीसकट. निरोप ठेवला होता, बाकी सगळं तुझं. बाकी सगळं म्हणजे पलंग, औषधांचं कपाट, तपकिरी स्वेटर. नोएमीला खरं तर चॉकलेट कोणत्याही पातेल्यात करता आलं असतं. तिनं पुन्हा केलंच नाही. डिसेंबरात फोन वाजायचा, ती वाजू द्यायची, आणि तो थांबला की तिला अपमान झाल्यासारखं वाटायचं. एका पोचा पडलेल्या भांड्यापायी बहीण बोलत नाही, हे तो लोकांना कसं रंगवून सांगत असेल, त्या लग्नाच्या मांडवांतून, त्या माणसांच्या घोळक्यात, हे तिला घरी बसूनही ऐकू येई.

बोळातून करड्या सुटातला एक माणूस डोकावला आणि कुणाला तरी म्हणाला, "उजवीकडची पेटी पंधरा मिनिटांत बंद करायची आहे." या खोलीतल्या कुणी मान वर केली नाही. नोएमी उठली. आपण उजवीकडे जायला उठलो की छत्री शोधायला, हे तिला ठरवता येईना, म्हणून ती रिकामा कप ठेवायला निघाली. कप ठेवणं हे निदान ठरलेलं काम होतं. बोळाच्या टोकाला दोन्ही खोल्यांमध्ये मिळून एक लहानशी मोरीवजा जागा होती, तिथं विजेची शेगडी, नळ आणि ट्रे. मघाशी मिठी मारणारी बाई तिथं बाह्या सारून उभी होती. नूबिया तिचं नाव, एर्सिलियाची थोरली मुलगी. तिच्या समोर, शेगडीवर, चंबू होता.

तो अॅल्युमिनियमचाच होता, असे हजारो असतात, बाजारात दोरीला ओवून टांगलेले असतात. नोएमीनं अंगठा पुढं केला आणि पोच्यात ठेवला. बसला.

"आणखी हवंय का ताई?" नूबिया म्हणाली. "संपलं हो. बघा, तळाला लागलं सगळं. आमच्याकडचे लोक म्हणजे टोळ. बस भरून आले, पाव आणले पोतंभर आणि प्यायला काही आणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ती पलीकडची पोर भली म्हणून."

"कोण पोर?"

"उजवीकडच्या खोलीतली. बाप गेलाय तिचा. सकाळपासून इथं उभी राहून घुसळत होती बिचारी, दोनदा भरून केलं, कप मांडले, चीज कापलं. आणि कुणी आलंच नाही त्यांच्याकडे. एक चिमणी नाही. मग तिनंच दारात येऊन विचारलं, तुमच्याकडे माणसं आहेत, तुम्ही पिता का? मला मेलीला रडूच आलं. आपल्याकडे जागा नाही नि तिकडे खुर्च्या रिकाम्या." नूबियानं हात पुसले. "आता भांडं परत द्यायला हवं, पण आमच्याकडे पाद्री आलेत. तुम्ही द्याल का ताई? तेवढंच पलीकडे."

नोएमीनं चंबू घेतला. रवी आतच होती, ती काठावर एकदा वाजली. बोळात आली तेव्हा एका हाताला जिना होता, खाली काच, काचेपलीकडे ओला रस्ता आणि बसेस. कुणी अडवलं नसतं. नूबिया पाद्रींत गुंतलेली, पोरीला वाटलं असतं शेजाऱ्यांनी हरवला. कोटाखाली मावेल का, हे तिनं पाहिलं नाही, पण कोटाच्या आत तेवढी जागा आहे हे तिला कळलं होतं. भांडं अजून कोमट होतं. इतकी वर्षं तिनं जे मागितलं होतं ते हातात होतं आणि रिकामं होतं, आणि जे त्यात होतं ते ती पिऊन बसली होती, परक्यांच्या रांगेत, वैरी म्हणून, त्याच्या मयताचं. त्याचे सहा, आणि आपला एक. त्याची एवढी माणसं. तोच तो तुकडा, पुन्हा पुन्हा वर काढलेला. तिनं कोपरानं उजवीकडचं दार लोटलं.

खुर्च्या सारख्या रांगांत होत्या, हजेरी घ्यायला सोप्या. पहिल्या रांगेत एक मुलगी, काळ्या स्वेटरची, हातांचे तळवे लाल झालेली. तिच्या बाजूच्या खुर्चीवर एक कप, वर कागदी रुमाल पसरलेला. पेटीवर तिप्ले ठेवलं होतं. पेटीची वरची फळी उघडी होती आणि तिथून एवेलिओचं नाक तेवढं दिसत होतं, नोएमीच्या बाबांसारखंच.

"पुरलं का सगळ्यांना?" मुलगी उठून म्हणाली. "ठेवा ना इथं. धुवायचं राहिलं तरी चालेल."

"पुरलं."

"कडू लागलं का कुणाला? त्यात साल असते. आमच्याकडे असंच करतात." ती बोलत सुटली, सकाळपासून कुणाशी न बोललेलं माणूस बोलतं तशी. "बाबा म्हणायचे, ढीगभर लोक येतील, जरा जास्तच टाक. मी सगळ्यांना कळवलं होतं. दोन वर्षं आजारी होते ना, तेव्हा लोकांची सवय मोडली असेल. आणि पाऊस."

"हो. पाऊस आहे," नोएमी म्हणाली आणि बाजूच्या खुर्चीकडे सरकली.

"तिथं नको. म्हणजे, बसा, पण तो कप नको. ठेवलेला आहे तो."

"कुणासाठी?"

"आत्यासाठी. बाबांची बहीण. नाही यायची बहुतेक. मी फोन केला तर नुसतं 'बरं' म्हणाली. पण बाबांनी बजावून ठेवलं होतं. म्हणाले, ती आली तर तिच्या कपात दोन तुकडे टाक. एक तिचा आणि एक आजोबांचा. मी विचारलं, म्हणजे काय? तर हसायला लागले आणि मग खोकला आला. म्हणाले, टाक तू, आणि सांगू नको. ती मोजेल."

दारात करड्या सुटातला माणूस येऊन उभा राहिला आणि हात पुढं बांधून वाट बघू लागला. नोएमी खाली बसली. चंबू तिनं मांडीवर ठेवला आणि कप उचलला, कागद बाजूला केला.

"अहो," मुलगी म्हणाली.

वर साय धरली होती, सुरकुतलेली. ती काडीनं फाटली. खाली सगळं थंड, घट्ट, लवंग मेलेली, कडूपणा मात्र तसाच जागा. काडी तळाशी गेली, अडली, आणि नोएमीनं डोळे मिटले. चीज वर आलं तेव्हा त्याला तार नव्हती, थंड चीज तार धरत नाही. तिनं ते पेटीच्या बाजूला जरासं उंच धरलं, मग परत बुडवलं. पुन्हा वर काढलं. पुन्हा बुडवलं. मुलगी बघत होती. आधी तिच्या हातांकडे, मग मांडीवरच्या चंबूकडे, पोच्यावर ठेवलेल्या अंगठ्याकडे, आणि मग हळूहळू वर, नाकाकडे.

"आत्या?"

नोएमीनं मान हलवली.

"दोन आहेत ना?" लुसेरो शेजारी बसत म्हणाली. "मीच टाकलेत. बघ."

"दोन आहेत," नोएमी म्हणाली. काडीवर अजून पहिलाच होता.